चिंचोक्यांची यादी

एका छापील तक्त्यात प्रश्न होता : ‘स्थानिक पातळीवर बालकांची नोंद उपलब्ध होती काय?’ पुढे ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोन चौकोन होते. मी ‘नाही’च्या चौकोनात खूण केली. ती खूण खोटी होती, आणि करताना ती खोटी आहे हे मला ठाऊक होते. पंधराएक वर्षे ही गोष्ट मी कोणालाही सांगितली नाही. पत्नीला नाही, ज्यांच्याबरोबर सातपुड्याचे चढ चढलो त्या सहकाऱ्यांनाही नाही. रोग कुठून आला, कोणत्या वाटेने आला, कोणाकोणाला गाठून गेला, हे शोधणे माझे काम. त्या एका पाड्यावरच्या गोवराची वाट शोधत मी स्वतःपर्यंत आलो होतो; तिथून मागे वळलो आणि दुसऱ्याकडे बोट दाखवले.

फाल्गुन लागला की ही खूण मला दिसू लागते. धडगावचा घाट चढताना दोन्ही अंगांना पळस पेटलेला असतो. पहाटे गळलेली मोहाची फुले वेचायला बायका टोपल्या घेऊन झाडाखाली बसलेल्या असतात आणि त्या गोडसर, किंचित आंबूस वासाने सगळी वाट जड झालेली असते. याच दिवसांत माणसे परत येतात. दिवाळी झाली की ऊसतोडीला, सीमेवरच्या खापरच्या पलीकडे गुजरातेत, तापीच्या काठी, जिथे काम असेल तिथे गेलेली कुटुंबेच्या कुटुंबे. जीपच्या टपावर बोचकी, गोणपाटात गुंडाळलेले कोयते, पाय बांधलेली कोंबडी. आत मांडीवर मांडी, आणि त्या मांड्यांवर मुले. मुकादम अडवो, उचल फिटायची राहो, होळीला माणूस आपल्या पाड्यावर असलाच पाहिजे. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात ढोल वाजू लागले की हिवाळाभर मुके असलेले डोंगर बोलू लागतात.

या परतीत एके काळी मला निखळ आनंद वाटत असे. आता मला दिवस मोजण्याची सवय जडली आहे. गोवराचा जंतू शरीरात शिरल्यापासून अंगावर पुरळ उठेपर्यंत साधारण दोन आठवडे जातात. त्यातले पहिले काही दिवस मूल खेळते, हसते, भाकरी मागते. कोणालाच काही कळत नाही. मुलाच्या आईला नाही, आणि मुलालाही नाही. त्या वर्षीची होळी अशाच न कळत्या दिवसांत आली होती.

पाड्याचे नाव मी लिहिणार नाही. एकदा अहवालात लिहून त्याचे पुरेसे नुकसान मी केले आहे. धडगावहून जीप जिथवर जाते तिथे उतरून पुढे तासाभराची पायवाट, एवढे सांगितले म्हणजे पुरे. लसीकरणाच्या सर्वेक्षणासाठी मी तिथे प्रथम गेलो तो पौषात. घरे दूरदूर, प्रत्येक आपापल्या टेकडीवर. त्यांतल्या निम्म्याहून अधिक घरांच्या झापा सुंभाच्या दोरीने बांधलेल्या होत्या. कुलूप नाही, कडी नाही. आत चूल लिंपून ठेवलेली आणि अंगणात कोणाच्याही पायाचा ठसा नाही. आमच्या नियमपुस्तिकेत अशा प्रसंगासाठी सरळ सूचना होती : घर बंद आढळल्यास लगतचे पुढील घर घ्यावे. आम्ही पुढचे घर घेतले. तेही बंद असले तर त्याच्या पुढचे. ज्या घरांत माणसे होती, ती म्हाताऱ्यांची, नाहीतर आश्रमशाळेत शिपाई असलेल्याची, दुकानदाराची. घरी राहणे ज्यांना परवडत होते अशांची. त्यांच्या मुलांना लस मिळालेली होती. आमचे रकाने भरत गेले, आणि सुंदर भरत गेले.

जेमाबाई तेव्हा त्या पाड्याच्या अंगणवाडीत मदतनीस होती. पन्नाशीची, काटक, कपाळावर गोंदण. ती सगळ्यांना ‘तू’ म्हणे. मला, माझ्या वरिष्ठांना, कलेक्टर आले असते तर त्यांनाही. तिच्या भाषेत दुसरा शब्दच नव्हता आणि त्यात अनादर शोधण्याचे कारणही नव्हते. दिवसभर ती आमच्यामागे चालत होती. तिसरे की चौथे बंद दार ओलांडले तेव्हा ती थांबली.

“डाक्टर, हे घर लिहिलं नाही तू.”

“बंद आहे ना, बाई.”

“बंद आहे म्हणून काय झालं? दोन पोरं आहेत याच्यात.”

“इथे नाहीत ना पण.”

“होळीला येतील. तेव्हा तुझा कागद येईल का परत?”

आमच्या गटातला एक तरुण हसला. मीही हसलो. मग ती आम्हाला आपल्या घरी घेऊन गेली आणि तिने फळीवरून पत्र्याचे दोन डबे काढले. एकावर गेरूचा पट्टा ओढलेला होता, दुसरा कोरा. दोन्हींत चिंचोके. एक चिंचोका म्हणजे पाड्यावरचे एक लहान मूल. मुलाला गोवराची सुई टोचली की जेमाबाई तो चिंचोका दगडावर घासत असे. एक बाजू पांढरी निघे. कुटुंब ऊसतोडीला निघाले की त्यांचे चिंचोके कोऱ्या डब्यातून पट्ट्याच्या डब्यात जात, आणि होळीला परत येत. पट्ट्याचा डबा तिने सुपात पालथा केला. सूप जवळजवळ सगळे काळेभोर होते. पांढरे दोन-तीनच.

“हे बघ. हे सगळे बिनसुईचे. हा मोठा आहे ना, ही माझी नात. माझ्या सुनेची, रेलीची पोर. तिला पण नाही टोचलं. नर्सबाई आली तेव्हा ते गेले होते, ते येतात तेव्हा नर्सबाई नसते.”

“मॅडमचा कॉम्प्युटर भारी आहे, सर,” तो तरुण म्हणाला.

“भारीच आहे,” जेमाबाई म्हणाली. “याला लाइट लागत नाही.”

सगळे पुन्हा हसले. मी तिला सौम्यपणे समजावले की तिची कळकळ मोठी आहे, पण याला नोंद म्हणता येत नाही. नोंदीला नाव लागते, जन्मतारीख लागते, सही लागते. ती म्हणाली, एकेकाचे नाव सांगते, तू लिही. उन्हे कलली होती, जीपवाला खाली वाट पाहत होता. मी म्हटले, पुढच्या वेळी. आजही मला वाटते की त्या दिवशी तासभर बसलो असतो, तर पुढचे काहीच लिहावे लागले नसते. सुपातले ते चिंचोके म्हणजे मी आयुष्यात पाहिलेली सर्वांत खरी यादी होती. ती चुकली कुठे? एवढेच, की ती माझ्या तक्त्यात मावत नव्हती.

आणखी एक गोष्ट सांगितली नाही तर ही कबुली अर्धी राहील. माझे गाव तापीकाठचे. आमचे पूर्वज गुजरातेतून आले. घरात गुजरी, ओट्यावर अहिराणी आणि शाळेत मराठी अशा तीन भाषांत आम्ही वाढलो. भाऊ शेती करतो, केळी आणि ऊस. सर्वेक्षण आटोपून संक्रांतीला मी घरी गेलो तेव्हा आमच्या उसाला तोड लागली होती. बांधाजवळ पाचटाच्या खोप्यांची ओळ होती आणि खोप्यांसमोर मुले उसाची कांडी चोखत बसली होती. गालांवर चिकट रस, त्यावर धूळ. सवयीने मी त्यांची डाव्या हाताची करंगळी पाहिली. पोलिओचा डोस दिला की तिथे शाईची खूण करतात. एकाही करंगळीवर खूण नव्हती. एक मुलगी माझ्या खिशातल्या पेनचे टोपण ओढत होती. मी ते काढून तिला दिले. तिने ते तोंडात घालून शिट्टीसारखे वाजवून पाहिले, वाजेना, तर माझ्याकडेच रागाने पाहिले.

संध्याकाळी ओट्यावर मी भावाला म्हणालो की या मुलांना लस मिळालेली नाही, नर्सबाईंना सांगायला हवे.

“त्या काय आपला गावना शेतस का?” ती आपल्या गावची थोडीच आहेत, असे भाऊ म्हणाला. “आपली यादीमा त्यास्ना नाव कसाला? होळी उनी का चालना जातीन.” मग माझ्या पाठीवर थाप मारून हसला. “तू डोंगरमा पोरे मोज. आठे ऊस मोजू दे माले.”

वहिनीने चहा आणला आणि विषय निघून गेला. ती मुलगी जेमाबाईची नात होती असे मी म्हणणार नाही. नव्हती, रेली आणि तिचा नवरा त्या वर्षी गुजरातेत होते. पण डोंगरात मी जी दारे ओलांडून पुढे गेलो होतो, तशाच कुठल्या तरी दारांआडची मुले माझ्याच बांधावर बसलेली होती. डोंगरातल्या यादीत ती नव्हती, कारण ती इथे होती. इथल्या यादीत नव्हती, कारण ती तिथली होती. दोन्ही याद्या ज्याने पाहिल्या असा माणूस बहुधा मी एकटाच होतो. मी चहा प्यालो.

आकडे चांगले आले. इतके चांगले, की त्या पाड्यावर होळीच्या आधी घ्यायचे ठरलेले जादा लसीकरण सत्र माझ्या सल्ल्यावरून दुसरीकडे वळवण्यात आले. जिथे गरज अधिक दिसत होती तिथे. सल्ला देताना मला जेमाबाईचे सूप आठवले नव्हते, असे म्हणण्याची सोय मला नाही. आठवले होते. पण तेव्हा लिहीत असलेला माझा पदवीचा प्रबंध त्या आकड्यांवर उभा होता, आणि सुपातली यादी खरी मानली तर तो पुन्हा पायापासून रचावा लागला असता.

त्या वर्षी काठी गावच्या होळीला मी पाहुणा म्हणून गेलो होतो. अंगावर राखेचे आणि तांदळाच्या पिठाचे ठिपके काढलेले, नवसाने नाचणारे बुध्ये, कमरेला बांधलेले दुधी भोपळे, डोक्यावरचे मोरपिसांचे टोप, शेकडो घुंगरांचा एकच पाय पडल्यासारखा आवाज. पहाटे होळी पेटली तेव्हा तिच्या मधोमध रोवलेल्या उंच बांबूच्या शेंड्याकडे सगळ्यांचे डोळे लागले होते. बायका एकमेकींच्या कमरेला हात गुंफून ओळीने नाचत होत्या, पाठीवर मुले बांधलेली. मी फोटो काढत होतो. त्या फोटोंतल्या एकात एका मुलाचे डोळे लाल आहेत. धुराने असतील. मी तो फोटो पुढे कितीदा तरी मोठा करून पाहिला आहे.

दोन आठवड्यांनी जेमाबाईच्या पाड्यावरून निरोप आला. मी पोहोचलो तेव्हा घरोघरी दारात कडुनिंबाचे डहाळे होते आणि आत मुले उजेडाकडे पाठ करून निजलेली. रेलीच्या मुलीचा ताप पुरळ निघूनही उतरला नव्हता. छाती भरली होती. तिला झोळीत घालून खाली आणले, जीपमध्ये रेलीच्या मांडीवर ठेवले. घाटातल्या तिसऱ्या वळणावर रेलीने जीप थांबवायला सांगितले. मांडीवरच्या मुलीचा श्वास थांबला होता. चालकाने इंजिन बंद केले. मोहाची फुले गळताना आवाज होतो, हे मला त्या शांततेत प्रथम कळले.

मग तो तक्ता आला. साथ का आली याची कारणमीमांसा मलाच करायची होती. ‘नोंद उपलब्ध होती काय?’ या प्रश्नाखाली लहान अक्षरांत आणखी एक ओळ होती : ‘होय असल्यास, ती सर्वेक्षणात विचारात का घेतली गेली नाही, याचा खुलासा करावा.’ मी ती ओळ दोनदा वाचली आणि ‘नाही’वर खूण केली. खाली स्वच्छ अक्षरात वाक्यही लिहिले : स्थलांतरित बालकांची कोणतीही नोंद अंगणवाडी स्तरावर ठेवण्यात आलेली नव्हती.

मला वाटले होते, हा कागद कपाटात जाईल. तो पाड्यावर गेला. तालुक्याहून आलेल्या एका बाईंनी अंगणवाडीत सगळ्या आयांना बसवून तो मोठ्याने वाचून दाखवला आणि पावरी बोलीत समजावून सांगितला : जेमाबाईने पोरांची यादी ठेवली नाही, म्हणून सुई आली नाही. जेमाबाई उठून डबे आणायला गेली, तेव्हा कोणी तरी म्हणाले की शिकलेला डॉक्टर खोटे कशाला लिहील? तिचे काम गेले. कामाचे तिला फार वाटले नसावे. पण त्या दिवसापासून रेली तिच्याशी बोलली नाही. दोघींच्या चुली वेगळ्या झाल्या, अंगण मात्र एकच राहिले.

हे मला दुसऱ्या वर्षीच कळले होते. मी गेलो नाही. नंतरच्या काळात मी ‘निघण्यापूर्वी मोजा, परतल्यावर टोचा’ अशी एक पद्धत मांडली. गाव सोडणाऱ्या मुलांची वेगळी यादी, परतीच्या आठवड्यात सत्र. ती अनेक ठिकाणी उपयोगी पडली. तिच्याबद्दल बोलायला मला सभागृहांतून बोलावणी येत, लोक टाळ्या वाजवत. कल्पना कशी सुचली, असे कोणी विचारले तर मी म्हणे, क्षेत्रातल्या अनुभवातून. त्या मुलांना लस मिळाली, याचे समाधान मला कोणी नाकारू नये. मीही नाकारत नाही. पण चांगले काम वाईट कामाच्या शेजारी कितीही उंच रचले, तरी दोन्ही आपापल्या जागीच राहतात. हे समजायला मला केस पांढरे व्हावे लागले.

या वर्षी फाल्गुनात पुन्हा तापाच्या बातम्या आल्या. आमच्या बैठकीत एका तरुण डॉक्टर मुलीने पाड्यांची यादी वाचताना म्हटले, “सर, या पाड्यावर आया लवकर येत नाहीत. म्हणतात, आमच्यातल्या बाईनेच फसवलं, तुमच्यावर कसा विश्वास ठेवायचा?” तिने माझ्याकडे पाहिलेही नव्हते, ती पुढच्या पाड्याकडे वळली. मी मात्र तिथेच अडकलो. माझी खूण अजून काम करत होती. त्या पाड्यावरची आणखी मुले त्या खुणेपायी सुईवाचून राहत होती.

भोंगऱ्या बाजाराच्या दिवशी मी धडगावहून जीप धरली. “सरकी बसा ना, बाबा, आखो दोन जन येवाना शेतस,” चालक म्हणाला, आणि दोनाचे सहा झाले. माझ्या गुडघ्यावर कोणाचा तरी ढोल होता. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारले की मी होळी पाहायला चाललो का. मी म्हटले, नाही, एका बाईंना भेटायला. “मग होळीच पाहा,” तो म्हणाला, “बाई तिथेच असेल.” सगळी जीप हसली. मी हसू शकलो नाही, म्हणून त्याने माझ्या हातावर डाळ्या-गूळ ठेवला.

जेमाबाई अंगणात मोहाची फुले वाळत घालत होती. खूप वाकली होती. मला पाहून तिने डोळ्यांवर हात धरला.

“डाक्टर? तुझं डोकं तर कापूस झालं रे.”

“हो, जेमाबाई.”

“बस. कागद आणला का?”

“नाही. कागद आणला नाही.”

मी बसलो. जे सांगायचे ते शहरातून निघाल्यापासून शब्दाशब्दाने रचले होते, त्यातले एकही वाक्य सापडेना. कसेबसे म्हणालो की मी खोटे लिहिले होते, तुम्ही मला सगळे दाखवले होते. ती फुले पसरत राहिली.

“हे मला काय सांगतो? मी होते ना तिथे. मी तर पाहिलं तू पाहिलं ते.” मग तिने हनुवटीने अंगणाच्या दुसऱ्या टोकाकडे खूण केली. “तिला सांग.”

तिथे रेली पाठमोरी बसून भिंत लिंपत होती. तिला मराठी चांगले कळे. मुकादमाशी घरातले कोणी भांडत असेल तर तीच. अंगणात आणखी माणसे होती. दोघे जण ढोलाचे कातडे शेकत होते, एक जण नाचासाठी घुंगरांची माळ ओवत होता, चार-पाच बाया मोह निवडत होत्या. मी उठलो, मधले अंगण ओलांडले आणि तिच्यामागे उभा राहून माझ्या नेहमीच्या आवाजात बोललो. सभागृहात ध्वनिक्षेपक असतो, इथे नव्हता.

रेलीचा हात थांबला. तिने वळून पाहिले नाही.

“ऐकू नाही आलं,” ती म्हणाली.

“मोठ्याने सांग,” मागून जेमाबाई म्हणाली. “तुझा कागद मोठ्याने वाचला होता.”

ढोल शेकणाऱ्यांनी वर पाहिले. बायांचे हात थांबले. मी श्वास घेतला, आणि आयुष्यात कधी बोललो नव्हतो इतक्या मोठ्याने बोललो.

“रेलीताई, तुमच्या सासूबाईंच्या यादीत तुमची मुलगी होती. तिला सुई टोचायची राहिली आहे, हे त्यांनी मला इथे, या घरात सांगितले होते. मी ऐकले आणि लिहिले नाही. मुलगी गेल्यावर, माझी चूक उघडी पडू नये म्हणून, यादीच नव्हती असे खोटे लिहिले. त्यांनी कोणाला फसवले नाही. मी फसवले. चूक जेमाबाईंची नव्हती, तुमचीही नव्हती, माझी होती. मला क्षमा करा.”